नवी रॅम येईपर्यंत

रेणापूरकर मॅडमनी हार्ड डिस्क माझ्या टेबलावर ठेवली, रुमालानं चष्मा पुसला आणि विचारलं, "मुनीर, हे सगळं तुमच्या संगणकात मावेल का?"

"मावेल. पण चालणार नाही."

"म्हणजे काय?"

"ठेवायला जागा आहे. पण साडेतीन हजार फोटो एकमेकांशी जुळवायचे, तर त्यासाठी रॅम लागते. आपल्याकडे आठ जीबी आहे. या कामाला चौसष्ट तरी पाहिजे."

"मग घेऊ या की. माजी विद्यार्थ्यांचे पैसे आलेत."

पैसे आले होते हे खरं. एका चांगल्या संगणकापुरते होते आणि पुन्हा येणार नव्हते. मॅडमच्या मागं सुवर्णा खिल्लारे उभी होती. ती त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. फोटो तिनंच काढले होते. तिच्या बुटांना अजून बारवेतला चिखल होता.

ही गोष्ट जानेवारी २०२१ची. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, महाविद्यालयात, मी संगणक विभाग सांभाळत होतो. मॅडम इतिहास विभागाच्या प्रमुख होत्या आणि त्यांच्या निवृत्तीला सोळा महिने उरले होते. वडसावंगीची बारव हे त्यांचं जुनं काम. गावाबाहेर, उत्तमराव कऱ्हाळे यांच्या शेतात ही पायऱ्यांची विहीर होती. तिथला रस्ता रुंद होणार होता आणि बारव नेमकी त्या आखणीत येत होती. मॅडमनी अर्ज केले, निवेदनं दिली, दोनदा मुंबईला जाऊन आल्या. ती वाचणार नाही हे कळल्यावर त्यांनी ठरवलं की निदान तिची हुबेहूब प्रत तरी आपल्याकडे राहू दे.

प्रत म्हणजे संगणकावरचं मॉडेल. एखाद्या वास्तूचे चहूबाजूंनी, थोड्या थोड्या अंतरावरून शेकडो फोटो घ्यायचे. प्रत्येक फोटोत शेजारच्या फोटोचा बराचसा भाग आला पाहिजे. मग सॉफ्टवेअर त्या फोटोंमधले सारखे ठिपके शोधतं, फोटो एकमेकांशी जोडतं आणि त्यातून वास्तूचा पूर्ण आकार उभा करतं. तो आकार पडद्यावर फिरवता येतो, मोजता येतो. ही पद्धत मीच मॅडमना सुचवली होती.

मॅडमना त्यातून एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं. बारवेला दोन टप्पे होते. वरचा रुंद, कोनाड्यांचा. खालचा अरुंद, वर्षभर पाण्याखाली. खालचा टप्पा वरच्याच्या सरळ रेषेत नव्हता, किंचित फिरलेला होता. मॅडमचं म्हणणं, खालची विहीर आधीची आहे आणि दोन-तीनशे वर्षांनी दुसऱ्या कुणीतरी तिच्यावर नवी बांधली. तो नेमका किती फिरलाय हे कळलं असतं, तर त्या भागातल्या जुन्या देवळांच्या दिशांशी ताडून त्यांना हे मांडता आलं असतं. तीस वर्षं त्या हे तोंडी सांगत होत्या. लोक ऐकून घ्यायचे आणि पुरावा विचारायचे.

फोटोंसाठी उत्तमरावांनी दोन्ही मोटारी दोन दिवस चालवून पाणी उपसून दिलं. शेवटच्या दिवशी मीही गेलो होतो. सुवर्णा तळाशी गुडघाभर चिखलात उभी होती.

"सर, खालच्या टप्प्याची मापं टेपनं घेऊन ठेवू का?" तिनं खालून विचारलं.

"कशाला? मॉडेलमधून मिलिमीटरपर्यंत निघतील," मी वरून सांगितलं. तिनं टेप पिशवीत ठेवला.

निघताना उत्तमराव म्हणाले, "परत पानी काढायचं असलं तर निस्ता फोन करा. मोटार काय, बटन दाबायचं काम हाय."

तर त्या दिवशी माझ्या टेबलापाशी मॅडम उभ्या होत्या आणि म्हणत होत्या, घेऊ या की.

"एक अडचण आहे," मी म्हणालो. "या वर्षाच्या शेवटी नवीन रॅम येतेय. डीडीआर-५. आत्ता बाजारात आहे ती डीडीआर-४."

"मग?"

"आज संगणक घेतला, तर त्यात कायम जुनीच रॅम घालावी लागेल. नव्या रॅमची पट्टी जुन्या बोर्डात बसतच नाही, तिची खाच वेगळ्या जागी असते. पुढं मेमरी वाढवायची म्हटलं की आख्खा संगणक बदलायचा. आपल्याला एकदाच घ्यायचाय. थोडं थांबलो, तर पुढची आठ-दहा वर्षं बघायला नको."

मॅडम खुर्चीत बसल्या. "थोडं म्हणजे किती?"

"आठ महिने. फार तर दहा."

"तोवर बारव राहील असं काही मला वाटत नाही."

"बारवेचा प्रश्नच नाही आता, मॅडम. फोटो झालेत. ते कुठं जात नाहीत. तीन ठिकाणी कॉपी करून ठेवतो."

त्यांनी थोडा विचार केला. मग माझ्या टेबलावरच्या संगणकाकडे बोट दाखवून विचारलं, "आणि नवीन येईपर्यंत या संगणकावर काहीच होणार नाही?"

"नाही," मी म्हणालो.

"ठीक आहे. यातलं तुम्हाला कळतं."

त्या गेल्या. सुवर्णा क्षणभर थांबली, काही विचारणार असं वाटलं, पण तीही गेली.

मी थांबायला का सांगितलं, त्याला कारण होतं. २००२ साली मी नोकरीला नवीन होतो आणि प्राचार्यांनी मला प्रयोगशाळेसाठी संगणक निवडायला सांगितले होते. मी वीस संगणक निवडले. वर्षभरात त्यांच्यातली रॅम मागं पडली, वेगळ्या जातीची आली आणि जुन्या पट्ट्या मिळेनाशा झाल्या. मेमरी वाढवता येईना म्हणून त्या संगणकांवर नवं काहीच चालेना. स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्य म्हणाले, "मुनीर सरांनी आपल्याला वीस टाइपरायटर घेऊन दिलेत." सगळे हसले. मीही हसलो. ते वाक्य पुढं चार-पाच वर्षं कुणी ना कुणी म्हणायचंच. तेव्हापासून काहीही घ्यायचं झालं, की पुढं काय येणार आहे ते मी आधी वाचायचो. वाचायला आवडायचंही. डीडीआर-५बद्दल त्या वर्षी इंटरनेटवर जे काही आलं, ते सगळं मी वाचलं असेल.

मार्चमध्ये कोरोना पुन्हा वाढला आणि कॉलेज बंद झालं. मे महिन्यात माझे चुलते गेले. कुणालाच संगणकाची आठवण नव्हती. ऑगस्टमध्ये मॅडमनी फोनवर विचारलं, मी सांगितलं, नोव्हेंबर. नोव्हेंबरमध्ये नवी रॅम खरंच आली. म्हणजे आल्याची बातमी आली. औरंगाबादच्या डीलरला फोन केला तर तो म्हणाला, "सर, पट्ट्या नाहीतच. बोर्ड देतो, रॅम कधी ते सांगू शकत नाही. तुम्ही डीडीआर-४ घ्या ना, उद्या पाठवतो."

"एवढे थांबलोय, आता आणखी दोन महिने थांबू," मी म्हणालो.

मॅडमनाही मी तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मुनीर, मी मेअखेर निवृत्त होणार. त्याआधी अहवाल द्यायचाय, एवढं लक्षात असू द्या."

"फेब्रुवारीत मॉडेल तुमच्या टेबलावर असेल."

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात उत्तमरावांचा फोन आला. मी प्रयोगशाळेत होतो.

"सर, बारव बुजवली. काल."

"मार्चमध्ये काम सुरू होणार होतं ना?"

"मलाबी तेच सांगितलं व्हतं. परवा सकाळी गेलो तर टिपर उभे. दोन दिवसांत भरून काढली. आता वर रोलर फिरायलाय." मग म्हणाले, "मॅडमला तुमीच सांगा. माझ्यानं व्हायचं न्हाई."

मी इतिहास विभागात गेलो आणि सांगितलं. मॅडम वर्गावर निघाल्या होत्या. हातातली पुस्तकं त्यांनी पुन्हा टेबलावर ठेवली.

"उत्तमराव बरे आहेत ना?" त्यांनी आधी हे विचारलं.

"हो."

"बरं झालं आपण फोटो घेऊन ठेवले," त्या म्हणाल्या. "ती गेली, पण आपल्याकडे आहे." मग पुस्तकं उचलून वर्गावर गेल्या.

संगणक एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आला. चौसष्ट जीबी, डीडीआर-५, रॅमच्या दोन जागा पुढच्या वाढीसाठी मोकळ्या. आमच्या तालुक्यात तरी असा दुसरा नसावा. मी स्वतः जोडला, सॉफ्टवेअर टाकलं, सगळे फोटो चढवले. खरोखर वेगवान होता. दुसऱ्या दिवशी दुपारी काम संपलं तेव्हा मॅडम आणि सुवर्णा दोघी खुर्च्या घेऊन माझ्या मागं बसल्या होत्या.

पडद्यावर वरचा टप्पा उभा राहिला. कोनाडे, पायऱ्या, एका कोपऱ्यात उगवलेलं पिंपळाचं रोप, सगळं. मॅडम पुढं वाकल्या. "फिरवा," त्या म्हणाल्या. मी फिरवलं. त्यांनी एका कोनाड्यावर बोट ठेवलं. "इथं मी ब्याण्णव साली पहिल्यांदा बसले होते." नंतर त्या म्हणाल्या, "आता खाली चला."

खाली काही नव्हतं. वरच्या टप्प्याची शेवटची पायरी होती आणि तिथं मॉडेल संपत होतं.

मी यादी पाहिली. सॉफ्टवेअरनं फोटोंचे दोन गट केले होते. दुसऱ्या गटात सहाशेचाळीस फोटो होते. तो उघडला. खालचा टप्पा तिथं होता, स्वच्छ, पूर्ण, अगदी तळाच्या दगडापर्यंत. पण तो वेगळाच होता. वरच्याशी जोडलेला नव्हता. मी त्याला हातानं वरच्याखाली आणून ठेवलं, तर तो कसाही बसत होता. थोडा डावीकडे फिरवला तरी बसायचा, उजवीकडे फिरवला तरी बसायचा. हातभर वर घेतला तरी चालायचं.

"हे असं का?" मॅडमनी विचारलं.

"मधला पट्टा नाही," मी म्हणालो. "दोन्हींना जोडणारे फोटो कमी पडलेत. पन्नास-साठ असते तरी पुरले असते."

सुवर्णाचा चेहरा उतरला. "तिथं मोटारीचे पाइप पडले होते," ती म्हणाली. "ते फोटोत येऊ नयेत म्हणून मी तेवढा भाग सोडला. वाटलं, वरून आणि खालून मिळून येईल." ती मॅडमकडे वळली. "मॅडम, माझी चूक आहे."

मॅडम पडद्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी मला विचारलं, "काहीच करता येणार नाही?"

तीन आठवडे मी जे सुचेल ते केलं. वेगवेगळ्या सेटिंगवर पुन्हा पुन्हा चालवलं. पुण्यातल्या एका ओळखीच्या माणसाला फोटो पाठवले. त्यानंही तेच सांगितलं. मधलं काही नसेल तर यंत्र ते कुठून आणणार? सुवर्णा रोज येऊन विचारायची आणि रोज तेच ऐकून जायची. तिच्या प्रबंधातलं एक प्रकरण खालच्या टप्प्यावर होतं. ते तिनं काढून टाकलं, असं मला दुसऱ्या कुणाकडून कळलं. माझ्याशी बोलताना ती आता मान खाली घालून बोलायची आणि प्रत्येक वेळी एकदा तरी "माझ्यामुळंच झालं, सर" म्हणायची. मी म्हणायचो, "असू दे."

एका शनिवारी सकाळी मी माझा जुना संगणक चालू केला. आठ जीबीचा, तोच. त्यावर ते सॉफ्टवेअर टाकलं, सगळे फोटो चढवले आणि सेटिंगमध्ये सगळ्यात खालचा दर्जा निवडला. या दर्जात फोटो अगदी लहान करून घेतले जातात. बारीक काही दिसत नाही, मापं काढता येत नाहीत, नुसता ठिपक्यांचा ढोबळ आकार मिळतो. त्याला मेमरीही फारशी लागत नाही. सुरू करून मी घरी गेलो.

सोमवारी आलो तेव्हा काम कधीच संपलं होतं. नोंदीत वेळ होता तेरा तास. पडद्यावर विरळ ठिपक्यांचे दोन ढग होते, एक मोठा, एक छोटा, मध्ये मोकळी जागा. ज्याला संगणकातलं काही कळत नाही, त्यालाही दिसलं असतं की खालचा भाग सुटलाय.

हे करता येतं हे मला तेव्हाही माहीत होतं. मॅडमनी बोट दाखवून विचारलं, त्या दिवशीही.

मी तसाच उठून इतिहास विभागात गेलो. मॅडम एकट्याच होत्या, कपाट आवरत होत्या. जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे जमिनीवर होते.

"मॅडम, सुवर्णाची चूक नाही," मी म्हणालो.

"ते मला माहीत आहे. चिखलात उभं राहून कुणाचंही राहिलं असतं."

"तसं नाही. राहिलंय हे आपल्याला लगेच कळलं असतं. जुन्या संगणकावर ढोबळ चाचणी घेता येत होती. मी आता घेतली. तेरा तासांत झाली."

त्यांनी हातातला गठ्ठा खाली ठेवला. "मागच्या वर्षी घेतली असती, तरी तेराच तास लागले असते?"

"हो. संगणक तोच आहे."

"आणि बारव तेव्हा होती."

"वर्षभर होती."

"मी तुम्हाला विचारलं होतं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "काहीच होणार नाही का, म्हणून. तुम्ही नाही म्हणालात. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. फोटोत असं काही राहिलं असेल, हे नव्हतं माहीत. पण ढोबळ काम होतं हे माहीत होतं."

"मग?"

मी उभाच होतो. "असलं अर्धवट काही तुम्हाला दाखवायचं नव्हतं. आणि ते बघितल्यावर तुम्ही म्हणाला असता, एवढं होतंय तर आहे तीच रॅम घ्या आणि पुरं करा. मला नवीच घ्यायची होती."

मॅडमनी जमिनीवरचा एक गठ्ठा उचलून कपाटात ठेवला. मी निघावं की थांबावं, कळेना.

"अहवालाचा कच्चा मसुदा झालाय ना?" त्यांनी विचारलं. "तुमचा भाग आणा."

मी खाली जाऊन कागद आणले. त्यात 'मर्यादा' असा एक परिच्छेद होता. तो मी दोन दिवसांपूर्वीच लिहिला होता. मॅडमनी तो मोठ्यानं वाचला.

"'छायाचित्रणातील त्रुटीमुळे खालचा टप्पा वरच्या टप्प्याशी जोडता आला नाही. अपुऱ्या संगणकीय क्षमतेमुळे याची चाचणी वेळेत घेता आली नाही.'"

त्यांनी टेबलावरचं लाल पेन उचललं. 'छायाचित्रणातील त्रुटीमुळे' खोडलं आणि वर लिहिलं, 'मधल्या पट्ट्याची छायाचित्रे नसल्यामुळे'. मग 'अपुऱ्या संगणकीय क्षमतेमुळे' खोडलं. वर काही लिहिलं नाही. पुढच्या शब्दांवर पेन थोडा वेळ थांबलं. मग त्यांनी 'घेता आली नाही' खोडून 'घेतली नाही' केलं.

कागद त्यांनी माझ्यापुढं सरकवला. पेनही दिलं.

"कुणी घेतली नाही, ते राहिलंय," त्या म्हणाल्या. "ते तुम्ही लिहा."

मी आधी 'आम्ही' लिहिणार होतो. 'आ' काढलाही होता. तो खोडून मी 'मी' लिहिलं. त्यांनी वाचलं आणि मान हलवली. राग होता की नव्हता, मला आजही सांगता येणार नाही. तेवढ्यात सुवर्णा आली. मॅडमनी तिच्या हातात कागद दिला आणि म्हणाल्या, "एवढं टाइप करून टाक. आजच पाठवायचंय." आणि पुन्हा कपाटाकडे वळल्या.

सुवर्णा कोपऱ्यातल्या संगणकावर बसली. मी दाराजवळच्या खुर्चीत बसलो. तिची बोटं भराभर चालत होती. त्या परिच्छेदाशी ती थांबली. तिनं ओळ वाचली, पुन्हा वाचली. मागं वळून माझ्याकडे पाहिलं नाही.

"सर," ती पडद्याकडे पाहतच म्हणाली, "अहवाल तिघांच्या नावानं जातोय. इथं नुसतं 'मी' लिहिलं, तर कोण ते कळणार नाही."

"माझं नाव घाल."

"पूर्ण?"

"पूर्ण."

तिनं दोन-तीन अक्षरं दाबली आणि पुन्हा थांबली.

"मुनीरमधला 'नी' दीर्घ ना, सर?"

"दीर्घ," मी म्हणालो.